घटक ५ : हवामान बदल आणि सार्वजनिक आरोग्य – उष्णतेच्या लाटांच्या संदर्भात

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• हवामान बदल आणि सार्वजनिक आरोग्य यांच्यातील संबंध कोणत्या मार्गांनी घडतो, हे सांगता येईल.
• मानवी शरीर उष्णता कशी सोसते आणि ती केव्हा प्राणघातक ठरते, हे स्पष्ट करता येईल.
• ‘अतिरिक्त मृत्यू’ ही संकल्पना समजून घेऊन साध्या आकडेवारीवर तिचा वापर करता येईल.
• उष्णतेचा परिणाम समाजाच्या सर्व थरांवर सारखा का होत नाही, याची कारणमीमांसा करता येईल.
• अहमदाबाद शहराच्या उष्णता कृती आराखड्याचे स्वरूप व त्याच्या मर्यादा विशद करता येतील.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, ‘ऊन लागणे’ हा शब्दप्रयोग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भर दुपारी बाहेर निघालेल्या माणसाला डोक्याला पंचा बांधायला सांगणे, घरी आलेल्याला आधी गूळपाणी देणे, वैशाखात कैरीचे पन्हे करून ठेवणे, वाटसरूंसाठी पाणपोई घालणे, या सर्व गोष्टी आपल्या लोकव्यवहारात मुरलेल्या आहेत. ऊन हे आजाराचे कारण असू शकते, हे ज्ञान आपल्या समाजाला नवीन नाही. मग आज या विषयाचा वेगळा अभ्यास करण्याची गरज का भासते?

याची कारणे दोन आहेत. पहिले कारण असे, की ज्या उन्हाळ्यांच्या अनुभवावर हे लोकज्ञान उभे राहिले, ते उन्हाळे आता तसे राहिलेले नाहीत. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. ऊन लागणे ही आपण आजवर त्या-त्या माणसाची वैयक्तिक बाब मानत आलो. ‘दुपारी कशाला गेला उन्हातून?’ असा प्रश्न आपण आजारी पडलेल्यालाच विचारतो. परंतु ज्याची रोजची मजुरीच दुपारच्या उन्हात मिळते, त्याला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. एखाद्या शहरात एका महिन्यात शेकडो माणसे नेहमीपेक्षा अधिक मरण पावतात, तेव्हा तो त्या शेकडो माणसांच्या निष्काळजीपणाचा परिणाम नसतो. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असतो.

वैद्यकशास्त्र प्रामुख्याने एका रुग्णाचा विचार करते. सार्वजनिक आरोग्याचा विचार संपूर्ण लोकसमूहाचा असतो. आजार कोणाला होतो, कोठे होतो, केव्हा होतो आणि तो होऊ नये म्हणून समाजाने संघटितपणे काय करावे, हे त्याचे मुख्य प्रश्न आहेत. याच दृष्टीने आपण या घटकात उष्णतेच्या लाटांकडे पाहणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ हवामान आणि आरोग्य : संबंधाचे तीन मार्ग

हवामान बदलाचा आरोग्यावर होणारा परिणाम समजून घेण्यासाठी त्याचे तीन मार्ग लक्षात घ्यावेत.

पहिला मार्ग प्रत्यक्ष परिणामाचा. उष्णतेची लाट, महापूर, चक्रीवादळ यांमुळे माणसे थेट दगावतात किंवा जखमी होतात.

दुसरा मार्ग निसर्गातील सजीवांच्या माध्यमातून जातो. डासाच्या शरीरात हिवतापाच्या परजीवीची वाढ होण्यास ठरावीक तापमान लागते. सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअसखाली ही वाढ जवळजवळ थांबते. म्हणून पूर्वी थंड हवेच्या डोंगराळ प्रदेशांना हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळत असे. तापमान वाढले, की हे संरक्षण दुबळे होते. पाण्याच्या बाबतीतही असेच घडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुराचे पाणी ओसरल्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. उंदीर, गुरे यांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि त्या पाण्यातून चालणाऱ्यांच्या पायांवरील जखमांतून शरीरात शिरतात. अशा प्रकारे पुराने जितके बळी घेतले, त्यांत पूर संपल्यावर आणखी भर पडली.

तिसरा मार्ग समाजव्यवस्थेतून जातो. अवर्षणाने पीक बुडते, कर्ज वाढते, कुटुंबे स्थलांतर करतात, मुलांचे पोषण ढासळते, मनावरचा ताण वाढतो. या मार्गावर कारण आणि परिणाम यांच्यामध्ये अनेक दुवे असतात. त्यामुळे हे परिणाम दिसतात उशिरा आणि मोजता येतात त्याहून उशिरा.

उष्णतेचा परिणाम पहिल्या मार्गाने होतो, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पुढील विवेचनात आपल्या लक्षात येईल, की उष्णतेने कोण मरते हे बहुतांशी तिसरा मार्ग ठरवतो.

५.२.२ शरीर उष्णता कशी सोसते?

मानवी शरीराचे अंतर्गत तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. शरीर स्वस्थ बसलेले असतानाही साधारण १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता निर्माण करत असते. अंगमेहनतीच्या कामात ही उष्णता कित्येक पटींनी वाढते. ती सतत बाहेर टाकली गेली नाही, तर शरीर आतून तापत जाते.

उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीराकडे मुख्यतः दोन साधने आहेत. एक म्हणजे त्वचेकडे अधिक रक्त पाठवणे. त्यामुळे आतील उष्णता त्वचेवाटे भोवतालच्या हवेत जाते. परंतु हवा त्वचेपेक्षा थंड असेल तरच हे शक्य होते. हवेचे तापमान त्वचेपेक्षा वाढले, की उष्णतेचा प्रवाह उलटतो आणि हवाच शरीराला तापवू लागते. मग उरते दुसरे साधन, ते म्हणजे घाम. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले, तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. येथे ‘बाष्पीभवन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसता निथळणारा घाम शरीराला थंड करत नाही. हवा दमट असेल, तर घाम वाळत नाही आणि हे साधनही निकामी होऊ लागते. विदर्भातील कोरड्या हवेचे ४२ अंश आणि कोकण किनाऱ्यावरील दमट हवेचे ३८ अंश यांची तुलना केवळ आकड्यांवरून करता येत नाही, ती यामुळेच.

या दोन्ही साधनांची किंमत शरीराला मोजावी लागते. त्वचेकडे रक्त वळवण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते. घामावाटे पाणी व क्षार गेल्याने रक्त दाट होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. प्रारंभी पायांत गोळे येतात, डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. या अवस्थेला ‘उष्णताजन्य थकवा’ म्हणतात. या टप्प्यावर सावली, विश्रांती आणि मीठ-साखरयुक्त पाणी, म्हणजेच जलसंजीवनी, मिळाली तर माणूस सावरतो. तसे झाले नाही, तर अंतर्गत तापमान ४० अंशांपलीकडे जाते, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, त्याला झटके येतात किंवा शुद्ध हरपते. हाच उष्माघात होय. यात मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांना इजा होते. उपचारास विलंब होत जाईल तसतशी वाचण्याची शक्यता कमी होत जाते.

उष्माघात आणि ताप यांतील फरक येथे समजून घ्यावा. तापामध्ये मेंदूतील नियंत्रणकेंद्र स्वतःच शरीराचे तापमान वाढवून ठेवते, म्हणून तापावरील गोळीचा उपयोग होतो. उष्माघातात नियंत्रणकेंद्राचा इलाज चालेनासा झालेला असतो. तेथे त्या गोळीचा उपयोग नाही. रुग्णाला सावलीत हलवणे, कपडे सैल करणे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालणे, मान, काख व जांघेत बर्फ ठेवणे आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे, हा प्रथमोपचार आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य शब्द वापरून रिकाम्या जागा भरा.
(अ) शरीर थंड होण्यासाठी घामाचे ......... होणे आवश्यक असते.
(आ) उष्माघातात शरीराचे अंतर्गत तापमान ......... अंश सेल्सिअसपलीकडे जाते.
(इ) लेप्टोस्पायरोसिसचे जंतू प्राण्यांच्या ......... पाण्यात मिसळतात.

५.२.३ उष्णतेची लाट कशाला म्हणावे?

उन्हाळ्यात ऊन असणारच. त्यामुळे ‘लाट’ केव्हा म्हणावी यासाठी भारतीय हवामानशास्त्र विभागाने निकष ठरवले आहेत. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश असावे, तसेच ते त्या ठिकाणच्या त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे. सरासरीपेक्षा ६.४ अंशांहून अधिक वाढ झाल्यास तिला तीव्र लाट म्हणतात. सरासरी काहीही असली, तरी प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेल्यास ती लाटच मानली जाते.

या व्याख्येतील ‘सरासरीपेक्षा’ हा शब्द ध्यानात घ्यावा. माणसाचे शरीर, त्याचे घर, त्याच्या कामाच्या वेळा हे सारे त्या प्रदेशाच्या नेहमीच्या उन्हाशी जुळवून घेतलेले असते. नेहमीपेक्षा किती वेगळे ऊन पडले, यावर हानी अवलंबून असते. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात आलेल्या लाटेत सत्तर हजारांहून अधिक अतिरिक्त मृत्यू झाले. त्यांपैकी सुमारे पंधरा हजार एकट्या फ्रान्समध्ये झाले. तेथील तापमान विदर्भातील माणसाला फारसे भयंकर वाटले नसते. परंतु थंडीसाठी बांधलेली घरे, एकटे राहणारे वृद्ध आणि अशा उन्हाची सवय नसलेली आरोग्ययंत्रणा या तिन्हींमुळे तो उन्हाळा प्राणघातक ठरला.

आणखी एक बाब अशी, की हवामान केंद्रावरील तापमापक हवेशीर पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. वृत्तपत्रात छापून येणारे तापमान सावलीतले असते. डांबर टाकणाऱ्या किंवा गच्चीवर स्लॅब भरणाऱ्या मजुराच्या अंगावर पडणारी उष्णता त्याहून बरीच अधिक असते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या जाहीर कार्यक्रमात लाखोंचा समुदाय कित्येक तास उन्हात बसला होता. त्यानंतर उष्माघाताशी संबंधित कारणांनी चौदा जणांचा मृत्यू झाल्याची नोंद झाली. त्या दिवशीचे नोंदलेले कमाल तापमान सुमारे ३८ अंश होते. केवळ हा आकडा पाहून धोका ओळखता आला नसता. दमटपणा, सावलीचा अभाव आणि उन्हात घालवलेला वेळ यांसह तो आकडा वाचावा लागतो.

५.२.४ हवामान बदलाचा वाटा कसा ओळखतात?

‘उष्णतेच्या लाटा पूर्वीही येत होत्या, मग यात हवामान बदलाचा काय संबंध?’ हा प्रश्न आपल्याही मनात आला असेल. तो रास्त आहे. कोळसा, तेल व वायू यांच्या ज्वलनातून वातावरणात साचलेल्या हरितगृह वायूंमुळे २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने वाढलेले आढळले. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले. एक अंश किंवा त्याहून कमी वाढ ऐकायला किरकोळ वाटते. परंतु सरासरी थोडी सरकली, तरी टोकाच्या घटनांची संख्या फार वाढते.

एका फाशाची कल्पना करा. त्याच्या एका बाजूवर सहा आहेत. कोणी गुपचूप आणखी एका बाजूवर सहा कोरले, तर पुढच्या वेळी पडलेला सहा जुन्या बाजूचा की नव्या, हे सांगता येणार नाही. मात्र सहा पडण्याची शक्यता दुप्पट झाली, हे निश्चित सांगता येईल. शास्त्रज्ञ हवामानाबाबत असेच गणित करतात. हरितगृह वायू वाढलेले जग आणि ते न वाढलेले काल्पनिक जग यांची संगणकीय प्रारूपांद्वारे तुलना केली जाते. २०२२ चा मार्च महिना कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमधील दीर्घ उष्णतेचा असा अभ्यास झाला, तेव्हा ती घडण्याची शक्यता मानवनिर्मित हवामान बदलामुळे सुमारे तीस पट वाढल्याचा निष्कर्ष निघाला.

म्हणून ‘अमुक माणूस हवामान बदलामुळे मेला’ असे विधान शास्त्र करत नाही. ‘अशा मृत्यूंची शक्यता इतकी वाढली’ असे विधान ते करते. सार्वजनिक आरोग्यात हीच भाषा नेहमी वापरली जाते. धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंधही असाच मांडला जातो.

५.२.५ न मोजले जाणारे मृत्यू

उष्माघाताने झालेल्या मृत्यूंचे सरकारी आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात. ते वास्तवाच्या मानाने फार लहान असतात. यात दरवेळी कोणी काही लपवते असे नाही. कारण नोंदीच्या पद्धतीत आहे. हृदयविकार असलेली वृद्ध स्त्री पत्र्याच्या खोलीत तीन रात्री तळमळते आणि चौथ्या पहाटे हृदय बंद पडून मरते. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ असे कारण लिहिले जाते. ते खोटे नसते, पण अपुरे असते. मूत्रपिंडाचा रुग्ण, मधुमेही, दम्याचा रुग्ण यांच्या बाबतीतही हेच घडते. अनेक मृत्यू तर घरीच होतात आणि त्यांचे वैद्यकीय कारण तपासलेच जात नाही.

यावर सार्वजनिक आरोग्यशास्त्राने शोधलेला उपाय म्हणजे ‘अतिरिक्त मृत्यू’ मोजणे. येथे मृत्यूचे कारण विचारलेच जात नाही. त्या काळात एकूण किती मृत्यू झाले आणि एरवी त्या काळात किती होतात, एवढेच पाहिले जाते. दोहोंतील फरक म्हणजे अतिरिक्त मृत्यू.

मे २०१० मध्ये अहमदाबाद शहरात तापमान ४६.८ अंशांपर्यंत गेले. त्या महिन्यात शहरात एकूण ४,४६२ मृत्यूंची नोंद झाली. २००९ व २०११ या वर्षांतील मे महिन्यांवरून काढलेली अपेक्षित संख्या ३,११८ होती. म्हणजे ४,४६२ वजा ३,११८ असे १,३४४ अतिरिक्त मृत्यू झाले. ही वाढ ४३ टक्क्यांहून अधिक होती. हे मृत्यू ना एका ठिकाणी झाले, ना एका दिवशी. पूर आला तर पाणी दिसते, भूकंप झाला तर ढिगारे दिसतात. येथे दिसण्यासारखे काहीच नव्हते. शहराच्या मृत्युनोंदवह्या एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हाच ही आपत्ती दृष्टीस पडली.

मृत्यूची नोंद हा आपल्याला एक रूक्ष कार्यालयीन सोपस्कार वाटतो. परंतु ती नोंद वेळेवर व नीट झाली नाही, तर त्या माणसाच्या मृत्यूतून समाजाला जे शिकता आले असते, तेही नष्ट होते, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) समजा, एका तालुक्यात मागील काही वर्षांच्या मे महिन्यांतील मृत्यूंची सरासरी २०० आहे. या वर्षी लाट आलेल्या मे महिन्यात २५० मृत्यू झाले. त्यांपैकी केवळ ३ दाखल्यांवर उष्माघात असे कारण आहे. अतिरिक्त मृत्यू किती? टक्केवारीत वाढ किती?
(आ) अतिरिक्त मृत्यूंची संख्या दाखल्यांवरील संख्येपेक्षा मोठी का असते? दोन कारणे सांगा.

५.२.६ ऊन सर्वांना सारखे लागत नाही

एकाच शहरात, एकाच दुपारी, एकच तापमान असताना काही माणसे सुरक्षित राहतात आणि काही दगावतात. याचे स्पष्टीकरण तीन घटकांच्या आधारे देता येते : धोका, संपर्क आणि असुरक्षितता. धोका म्हणजे प्रत्यक्ष उष्णता. संपर्क म्हणजे माणूस त्या उष्णतेत किती वेळ राहतो. असुरक्षितता म्हणजे ती सोसण्याची त्याच्या शरीराची व परिस्थितीची क्षमता किती कमी आहे.

वृद्धांना घाम कमी येतो व तहानेची जाणीव मंदावलेली असते. तान्ह्या मुलांना स्वतःहून पाणी मागता येत नाही. ही झाली शारीरिक असुरक्षितता. पण तिच्या जोडीला सामाजिक असुरक्षितता असते आणि ती अधिक व्यापक असते. बांधकाम मजूर, हातगाडीवाले, माथाडी कामगार, रस्त्यावर भाजी विकणाऱ्या स्त्रिया, वीटभट्टीवरील कुटुंबे यांना दुपारी घरी बसणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी गमावणे. ‘दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका’ ही सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचते, पण ती पाळणे त्यांच्या हाती नसते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१९ मध्ये असा अंदाज मांडला, की २०३० मध्ये उष्णतेच्या ताणामुळे भारतात वाया जाणारे कामाचे तास सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके असतील. या नुकसानीचा मोठा भार शेती व बांधकाम या क्षेत्रांतील श्रमिकांवर पडणार आहे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसेल, तर अनेक स्त्रिया दिवसभर मुद्दाम कमी पाणी पितात. उष्णतेत भरपूर पाणी प्या, हा सल्ला योग्यच आहे. पण तो अमलात येण्यासाठी आधी स्वच्छतागृह लागते. स्वयंपाकाच्या लहानशा, खिडकी नसलेल्या जागेत दुपारच्या वेळी चुलीसमोर बसणाऱ्या स्त्रीला तर घरातही उष्णतेपासून सुटका नसते.

घराचा प्रश्नही असाच आहे. सिमेंट, डांबर व काँक्रीट दिवसभर उष्णता शोषून घेतात आणि रात्री ती बाहेर टाकतात. झाडे व मोकळी माती कमी असलेल्या दाट वस्तीचे तापमान त्यामुळे आसपासच्या ग्रामीण भागापेक्षा अधिक राहते. याला ‘नागरी उष्णता-बेट’ म्हणतात. पत्र्याच्या छपराखालील खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. दिवसभर ताणलेल्या हृदयाला रात्री विसावा मिळणे अत्यावश्यक असते. तो मिळाला नाही, तर लाटेच्या पहिल्या दिवसापेक्षा तिसरा-चौथा दिवस अधिक घातक ठरतो. वातानुकूलन यंत्र घेऊ शकणारा माणूस आपली खोली थंड करतो, पण त्या यंत्रातून बाहेर पडणारी गरम हवा गल्लीतच सोडली जाते. उष्णतेचे वाटप असे विषम होत जाते.

५.२.७ अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा

२०१० च्या अनुभवानंतर अहमदाबाद महानगरपालिकेने, गांधीनगर येथील भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था व अन्य अभ्यासकांच्या साहाय्याने, २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. दक्षिण आशियातील अशा प्रकारचा हा पहिला आराखडा मानला जातो. त्याची चार अंगे पाहू.

१. पूर्वसूचना : हवामानाच्या अंदाजावरून काही दिवस आधी इशारा दिला जातो. ४१.१ ते ४३ अंशांना पिवळा, ४३.१ ते ४४.९ अंशांना नारिंगी आणि ४५ अंश व त्यापुढे लाल, अशी रंगांची योजना आहे.

२. समन्वय : इशारा मिळताच कोणत्या विभागाने काय करायचे, हे आधीच लिहून ठेवलेले असते. आरोग्य, पाणीपुरवठा, वाहतूक, शाळा, कामगार अशा विभागांना एकत्र बांधणारा एक जबाबदार अधिकारी नेमलेला असतो.

३. आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण : उष्णताजन्य आजार लवकर ओळखणे, त्यावर तातडीने उपचार करणे आणि त्याची नोंद करणे, हे डॉक्टरांपासून वस्तीतील आरोग्यसेविकांपर्यंत सर्वांना शिकवले जाते.

४. संपर्क कमी करणे : पाणपोया वाढवणे, दुपारी सार्वजनिक बागा उघड्या ठेवणे, गरीब वस्तीतील छपरांना चुना किंवा पांढरा परावर्तक रंग लावणे, असे उपाय यात येतात.

यांतील बहुतेक उपाय साधे आहेत, हे आपल्या लक्षात आले असेल. त्याच शहरातील एका रुग्णालयात नवजात अर्भकांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट तापणाऱ्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर उष्णतेमुळे आजारी पडणाऱ्या बाळांचे प्रमाण घटल्याचे अभ्यासात दिसून आले. यासाठी नवे औषध लागले नाही. बाळे का आजारी पडतात, हा प्रश्न विचारावा लागला आणि त्याचे उत्तर इमारतीत शोधावे लागले.

आराखड्याचा उपयोग किती झाला? आराखड्यापूर्वीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत. मात्र या अंदाजाची व्याप्ती १६२ ते २,२१८ अशी मोठी आहे. म्हणजे लाभ झाला असे म्हणण्यास आधार आहे, पण त्याचा नेमका आकडा ठामपणे सांगता येत नाही. आकडेवारी वाचताना तिच्यासोबतची अनिश्चितताही वाचण्याची सवय आपण लावून घ्यावी.

पुढे नागपूरसह अनेक शहरांनी व राज्यांनी असे आराखडे तयार केले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने त्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१९ मध्ये हवामान बदल व मानवी आरोग्य यासंबंधी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

५.२.८ आराखड्यांच्या मर्यादा

कागदावर आराखडा असणे आणि तो राबवला जाणे यांत अंतर असते. मूल्यमापन करताना पुढील प्रश्न विचारावेत. आराखड्यासाठी स्वतंत्र निधी आहे काय? धोक्याची पातळी स्थानिक हवामान, विशेषतः दमटपणा, लक्षात घेऊन ठरवली आहे काय? शहरातील सर्वाधिक असुरक्षित वस्त्या कोणत्या, हे नकाशावर दाखवले आहे काय? कामाच्या वेळा बदलल्या, तर मजुरी कापली जाणार नाही याची हमी कोणी घेतली आहे काय? यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर उत्तम पूर्वसूचनाही मजुराच्या उपयोगाची ठरत नाही.

शिवाय, हे सारे उपाय ‘अनुकूलन’ या प्रकारात मोडतात. बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेणे म्हणजे अनुकूलन. हरितगृह वायूंचे उत्सर्जनच कमी करणे म्हणजे ‘शमन’. या दोहोंपैकी एक निवडण्याचा प्रश्न नाही. शमन न करता केवळ अनुकूलन करत राहिलो, तर शरीराच्याच मर्यादेशी गाठ पडते. उष्णता व दमटपणा एका पातळीपलीकडे एकत्र वाढले, की सावलीत स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचा घामही वाळत नाही. त्या पातळीवर पाणपोई व पांढरे छप्पर अपुरे पडतात. उलट, केवळ शमनाची वाट पाहत राहिलो, तर येत्या मे महिन्यात ज्यांचे प्राण वाचू शकतात, ते वाचणार नाहीत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – ३
पुढील उपायांचे ‘अनुकूलन’ किंवा ‘शमन’ असे वर्गीकरण करा : (अ) छपरांना चुना लावणे (आ) कोळशाऐवजी सौरऊर्जेवर वीजनिर्मिती करणे (इ) कामाची वेळ पहाटे ठेवणे (ई) रस्त्याकडेला सावली देणारी झाडे लावणे.

५.३ सारांश

हवामान बदलाचा आरोग्यावर प्रत्यक्ष, निसर्गातील सजीवांच्या माध्यमातून आणि समाजव्यवस्थेच्या माध्यमातून असा तीन मार्गांनी परिणाम होतो. उष्णता बाहेर टाकण्याची शरीराची क्षमता घामाच्या बाष्पीभवनावर अवलंबून असून दमट हवेत ती घटते. मानवनिर्मित तापमानवाढीमुळे तीव्र लाटांची शक्यता अनेक पटींनी वाढली आहे. उष्णतेने होणारे बहुसंख्य मृत्यू अन्य आजारांच्या नावाखाली नोंदले जातात, म्हणून त्यांचा अंदाज अतिरिक्त मृत्यूंवरून करावा लागतो. हे मृत्यू प्रामुख्याने वृद्ध, लहान मुले, अंगमेहनतीची कामे करणारे आणि तापणाऱ्या घरांत राहणारे यांच्या वाट्याला येतात. पूर्वसूचना, समन्वय, प्रशिक्षण आणि संपर्क कमी करणारे उपाय यांनी त्यांतील अनेक मृत्यू टाळता येतात, हे अहमदाबादच्या उदाहरणावरून दिसते. त्याच वेळी उत्सर्जन घटवणेही अनिवार्य आहे.

५.४ पारिभाषिक शब्द

अतिरिक्त मृत्यू : विशिष्ट काळात अपेक्षेपेक्षा अधिक झालेले एकूण मृत्यू.
अनुकूलन : बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी केलेले उपाय.
शमन : हवामान बदलाचे मूळ कारण, म्हणजे हरितगृह वायूंचे उत्सर्जन, कमी करण्याचे उपाय.
नागरी उष्णता-बेट : बांधकामांमुळे शहराचे तापमान भोवतालच्या प्रदेशाहून अधिक राहणे.
असुरक्षितता : धोका सोसण्याची शारीरिक व सामाजिक क्षमता कमी असणे.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) बाष्पीभवन (आ) ४० (इ) मूत्रातून

प्रश्न २ : (अ) अतिरिक्त मृत्यू ५०, वाढ २५ टक्के. (आ) उष्णतेने बळावलेल्या आजाराचेच नाव दाखल्यावर लिहिले जाते. घरी झालेल्या अनेक मृत्यूंचे वैद्यकीय कारण तपासले जात नाही.

प्रश्न ३ : (अ) अनुकूलन (आ) शमन (इ) अनुकूलन (ई) मुख्यतः अनुकूलन, झाडे कार्बन डायऑक्साइड शोषून घेत असल्याने काही अंशी शमनही.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘उष्णतेने कोण मरते हे केवळ तापमान ठरवत नाही.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. मृत्यूच्या दाखल्यांवरून उष्णतेच्या आपत्तीचा खरा आवाका का कळत नाही? त्यावरील उपाय स्पष्ट करा.
३. अहमदाबादच्या उष्णता कृती आराखड्याची अंगे सांगून त्याचे मूल्यमापन करा.

क्षेत्रीय कार्य : आपण जेथे राहता किंवा काम करता, त्या परिसरात उन्हाळ्यातील एका दुपारी फिरून पुढील नोंदी करा. उन्हात काम करणारी माणसे कोणकोणती आहेत? त्यांच्यापासून पिण्याचे पाणी, सावली व स्वच्छतागृह किती अंतरावर आहे? त्यांपैकी दोघांशी, त्यांच्या सोयीच्या वेळी आणि त्यांच्या संमतीने, बोला. ऊन वाढल्यावर ते काय करतात आणि काय करावेसे वाटूनही करू शकत नाहीत, हे विचारा. आपल्या गावाचा किंवा शहराचा उष्णता कृती आराखडा आहे काय, याची ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. या नोंदींच्या आधारे, खर्च फारसा न वाढवता लगेच करता येतील असे तीन उपाय सुचवणारे टिपण सुमारे पाचशे शब्दांत लिहा. ते टिपण अभ्यासकेंद्रावर सादर करण्याबरोबरच संबंधित कार्यालयासही अवश्य द्या.